लोखंडाचा तंबू

जुन्नर तालुक्यात मीना नदीच्या काठी, पुणे-नाशिक रस्त्यावर, नारायणगाव म्हणून मोठे बाजाराचे गाव आहे. होळी उलटून पाडवा जवळ आला की दरसाल ह्या गावी एक लहानशी वसाहत उभी राहते. तमाशाचे फडमालक आपापल्या राहुट्या ठोकतात, दाराशी फडाच्या नावाचा फलक लावतात, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर अशा तालुक्यांतून गावोगावचे कारभारी आपल्या ग्रामदेवतेच्या यात्रेची तिथी सांगत तेथे येतात. बैठक बसते, चहा होतो, बिदागीची घासाघीस होते, आणि सुपारी ठरली की कारभारी समाधानाने गावाकडे परततात. यात्रांचा हंगाम संपला की राहुट्या उतरतात आणि ती जागा पूर्ववत मोकळी होते. नारायणगावास लोक तमाशाची पंढरी म्हणतात ते ह्यामुळेच. फरक इतकाच की, ह्या पंढरीस देऊळ नाही.

ह्या राहुट्यांकडे पाहताना प्रस्तुत लेखकास नेहमी मुंबईतील एका इमारतीचे स्मरण होते. वाचकांस हा संबंध प्रथमदर्शनी विक्षिप्त वाटेल. कोठे बांबू आणि कापड, आणि कोठे काळ्या घोड्यानजीकचे ते पाच मजली, एके काळी साहेबलोकांच्या वैभवाने गजबजलेले वॉटसनचे हॉटेल! तथापि त्या हॉटेलाची घडण, त्यात झालेला एक अपूर्व खेळ आणि त्याची आजची स्थिती ही क्रमाने पाहिली असता, हा संबंध केवळ कल्पनेचा नाही असे दिसून येईल.

प्रथम जुन्नरकडेच वळू. कारण परक्या वाटसरूस आसरा देण्याची विद्या ह्या मुलखास मुंबईहून फार जुनी आहे. कोकणातून घाटमाथ्यावर येणारी व्यापाराची वाट नाणेघाटाने चढत असे. त्या घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळी खडकात एक दालन कोरलेले आहे. त्याच्या तिन्ही बाजूंस बसावयाचे ओटे आहेत, भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, आणि समोरच्या भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, त्यांची नावे मात्र शिल्लक आहेत. बाहेर जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आहे. बैलांच्या तांड्यांबरोबर चढून आलेला वाटसरू येथे क्षणभर टेकत असला पाहिजे.

ह्याहूनही मनोवेधक गोष्ट जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत आढळते. तेथील एका लेखात चिट नावाच्या यवनाने संघास भोजनमंडप दान दिल्याचे नमूद आहे. दुसऱ्या एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. समुद्रापलीकडून आलेला मनुष्य ह्या डोंगरात येतो आणि येथल्या लोकांसाठी जेवणघर कोरवितो, ही दोन हजार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. ती ध्यानात ठेवावी; पुढे तिचे काम पडेल. त्याचप्रमाणे लेण्याद्रीस गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणाऱ्यांनी एक गोष्ट पाहिलीच असेल. ज्या प्रशस्त दालनात गणपती विराजमान आहे त्यास आत एकही खांब नाही. अखंड डोंगरच छत आणि डोंगरच भिंत. भार कोणी वाहावयाचा हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. दगडाच्या वास्तूत भिंत हेच सर्वस्व असते, हा नियम मनुष्यजातीने लेण्यांपासून किल्ल्यांपर्यंत पाळला. आणि तो मोडण्याचा प्रसंग हिंदुस्थानात प्रथम ज्या थोड्या इमारतींवर आला, त्यांत वॉटसनचे हॉटेल अग्रभागी आहे.

त्या हॉटेलाचा जन्म एका तटबंदीच्या नाशातून झाला. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला. लँकेशायरच्या गिरण्यांस हिंदुस्थानचा कापूस हवासा झाला, आणि मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्याच सुमारास गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या अमदानीत मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडून टाकण्यात आला आणि मोकळी झालेली जागा लिलावाने विकण्यास निघाली. जॉन हडसन वॉटसन नावाचा एक इंग्रज कापडाचा व्यापारी शहरात होता. त्याने १८६४ साली एस्प्लनेडवरील जागा विकत घेतली. १८६५ साली यादवी संपली, कापसाचे भाव कोसळले, पुष्कळ पेढ्या बुडाल्या; वॉटसनने मात्र आपला बेत सोडला नाही. इमारतीचे काम १८६७ पासून १८६९ पर्यंत चालले आणि १८७१ साली तेथे हॉटेल सुरू झाले. त्याचा कर्ता कापडाचा व्यापारी होता, हा योगायोग आपल्या विषयास साजेसाच म्हणावयाचा.

ह्या इमारतीचा नकाशा रोलंड मेसन ऑर्डिश ह्या इंजिनियराचा. लंडन येथील १८५१ च्या प्रदर्शनासाठी काचेचा आणि लोखंडाचा जो प्रचंड महाल उभारला गेला, त्याच्या तपशिलाच्या कामात ऑर्डिश होता. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनाचे विशाल छप्पर आणि अल्बर्ट हॉलचा घुमट ह्या कामांशीही त्याचे नाव निगडित आहे. मुंबईच्या हॉटेलासाठी त्याने जी योजना केली तिचे मर्म असे की, इमारत मुंबईत बांधावयाचीच नाही. ती इंग्लंडात ओतावयाची आणि मुंबईत केवळ जुळवावयाची. डर्बी येथील कारखान्यात खांब व तुळया तयार झाल्या, त्या जहाजात भरल्या गेल्या, आणि येथे आणून एकमेकींस जोडल्या गेल्या. उभा राहिला तो लोखंडाचा सांगाडा. मजल्यांचा, छपराचा आणि माणसांचा सगळा भार ह्या सांगाड्याने उचलला. खांबांच्या मधल्या पोकळीत विटांच्या भिंती भरल्या गेल्या खऱ्या, परंतु त्यांच्याकडे आडोसा करण्यापलीकडे काम राहिले नाही.

आता नारायणगावच्या तंबूची घडण आठवावी. मालमोटारीतून खांब, दोर आणि कापड येते. माळावर खांब उभे राहतात, दोर ताणले जातात, भार खांब वाहतात. आणि भोवताली जी कनात लावतात ती ऊन, वारा आणि फुकट पाहणाऱ्यांची नजर अडविण्यापुरती. खांब भार वाहील, भिंत आडोसा करील, आणि सर्व सामान दुसरीकडून आणून जोडता येईल: ही तीन सूत्रे दोन्ही ठिकाणी एकच आहेत. विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेच्या शिल्पज्ञांनी ह्याच सूत्रांवर आपल्या नव्या वास्तुकलेची उभारणी केली. शिकागोच्या उत्तुंग इमारती १८८० नंतरच्या आणि डेसाउ येथील बाउहाउस विद्यालयाची काचेची भिंत १९२६ ची. इंग्रजीत अशा भार न वाहणाऱ्या भिंतीस पडद्याची भिंत असेच नाव पडले. आपल्याकडे तिला कनात म्हणावयास काहीच हरकत नाही. वॉटसनचे हॉटेल ह्या सर्वांच्या आधीचे. ते लोखंडाचा तंबूच होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ह्या तंबूच्या आत एकशे तीस शयनगृहे होती. प्रत्येक मजल्यास बाहेरून रुंद सज्जे असत. खाली उपाहारगृहे व मद्यालय, आणि मध्यभागी काचेच्या छताखाली नृत्यशाला. मार्क ट्वेन हा प्रख्यात अमेरिकन ग्रंथकार १८९६ च्या जानेवारीत येथे उतरला होता. मुंबईच्या कावळ्यांनी त्यास इतके मोहून टाकले की, आपल्या प्रवासवर्णनात त्याने त्यांच्यासाठी निराळी जागा राखून ठेवली. ह्या सज्जांवरून शहराकडे पाहणारे पाहुणे मुख्यतः युरोपीय होते. एतद्देशीयांचा तेथे प्रवेश नोकरचाकर म्हणून किंवा कामापुरता. जमशेटजी टाटांस येथे मज्जाव झाला आणि त्या रागातून त्यांनी ताजमहाल हॉटेल बांधले, ही कथा घरोघरी सांगितली जाते. ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. परंतु लोकांनी ती खरी मानली ह्यातच त्या दाराचा लौकिक काय होता हे दिसून येते. समुद्रापलीकडून आलेल्या चिटाने जुन्नरास भोजनमंडप दिला. समुद्रापलीकडून आलेल्या वॉटसनने मुंबईस भोजनमंडपच बांधला, पण दारावर कनात लावली.

अशा ह्या हॉटेलात १८९६ च्या जुलै महिन्याच्या ७ तारखेस सायंकाळी एक खेळ झाला. फ्रान्समधील ल्युमिएर बंधूंनी पॅरिस येथे १८९५ च्या डिसेंबरात आपली हलती चित्रे पैसे घेऊन दाखविली होती. त्यांचा प्रतिनिधी मारियुस सेस्तिए हा ऑस्ट्रेलियास जाण्याच्या वाटेवर मुंबईस थांबला होता. हिंदुस्थानातील चित्रपटाचा पहिला जाहीर खेळ त्याने वॉटसनच्या हॉटेलात केला. तिकीट एक रुपया. सहा लहान चित्रे होती, आणि त्यांत स्टेशनात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत आणि कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार अशी दृश्ये होती. प्रत्येक चित्र मिनिटभराच्या आतबाहेर आटोपत असे. पडदा, अंधार, तिकीट आणि अनोळखी माणसांची एकत्र बैठक: विसाव्या शतकातील करमणुकीचे सारे साहित्य त्या संध्याकाळी तेथे जमले होते. माणसे मात्र निवडक होती.

पण करमणुकीचा स्वभाव असा आहे की, ती फार दिवस निवडकांच्या ताब्यात राहात नाही. त्याच महिन्यात १४ तारखेपासून हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात होऊ लागले. तेथे दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत होते आणि गोषातील स्त्रियांसाठी निराळ्या जागा राखल्या होत्या. म्हणजे दार आठवड्यातच उघडले. मुंबईत छायाचित्रांचा धंदा करणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांस लोक सावेदादा म्हणत, त्यांना ह्या चित्रांचे वेड लागले. त्यांनी एकवीस गिनी मोजून विलायतेहून चित्रण करण्याचे यंत्र मागविले आणि १८९९ साली हँगिंग गार्डन येथे झालेल्या कुस्तीचे चित्र घेतले. केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १९०१ च्या अखेरीस मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रही सावेदादांनीच घेतले. साहेबांच्या हॉटेलात आगगाडी पाहून पाच वर्षे होतात न होतात तोच, पडद्यावर आपली कुस्ती आणि आपला रँग्लर दिसू लागला. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

शहरात थिएटरे झाली. खेड्यांत ती होणे शक्य नव्हते. म्हणून सिनेमा तंबूत शिरला आणि यात्रेमागून यात्रा करीत हिंडू लागला. त्याच्या शेजारी, त्याच माळावर, तमाशाचा तंबू उभा राही. वाड्याच्या चौकात, चावडीपुढे किंवा देवळाच्या पटांगणात आश्रयदात्याच्या मर्जीने होणारा तमाशा प्रथम मुंबई-पुण्याच्या थिएटरांत तिकिटावर होऊ लागला आणि मग कनातीच्या आत तिकिटावर गावोगाव जाऊ लागला. हा फरक वरवर पाहता पैशाचा दिसतो. वस्तुतः तो मानाचा होता. पाटलाच्या चौकातील कलावंतीण पाटलाची मर्जी राखी. कनातीच्या दाराशी मात्र पाटील आणि त्याचा गडी, दोघांसही तिकीट घ्यावे लागे. तमाशाची परंपरा चालविणारे पुष्कळ कलावंत ज्या जातींतून आले, त्यांस गावाच्या देवळाची पायरी चढण्याची मनाई होती. त्यांनी स्वतःचे दार असलेली वास्तू उभारली आणि त्या दाराशी साऱ्या गावास रांगेत उभे केले. वॉटसनच्या कनातीने लोकांस बाहेर ठेवले. नारायणगावच्या कनातीने, तिकिटाचे पैसे असतील त्या कोणासही आत घेतले.

फडाचे कामकाज जवळून पाहिले तर ते हॉटेल आणि नाट्यगृह दोन्ही आहे असे आढळून येते. मोठ्या फडात शंभराहून अधिक माणसे असतात: नाचणाऱ्या स्त्रिया, सोंगाडे, ढोलकीवाले, वगातील नट, आचारी, मोटारी हाकणारे, तंबू ठोकणारे. दसऱ्यास फड बाहेर पडतो आणि वैशाखापर्यंत हिंडत राहतो. रात्री गण, गौळण, बतावणी आणि वग. पहाटे तंबू उतरावयाचा, दिवसा पुढल्या गावी जावयाचे, तेथे चुली पेटवावयाच्या, राहुटीत घटकाभर पाठ टेकावयाची, की पुन्हा सायंकाळी तोंडास रंग. एकशे तीस शयनगृहांच्या हॉटेलात जितके पाहुणे उतरत, जवळजवळ तितकीच माणसे एक फड रोज नव्या माळावर उतरवितो, जेवू घालतो आणि निजवितो.

ह्या गावचे नाव ज्यांनी महाराष्ट्रभर नेले त्या विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ साली जन्मल्या. भाऊ-बापूंच्या फडाचा वारसा त्यांनी चालविला, राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, आणि २००२ साली त्या निवर्तल्या. भर खेळात प्रसूतीच्या कळा आल्या असता त्या तंबूमागे गेल्या, बाळंत झाल्या आणि प्रेक्षक खोळंबले म्हणून पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही हकीकत ह्या भागात अद्याप श्रद्धेने सांगतात. ती ऐकून आपण धन्य धन्य म्हणतो. पण ज्या वास्तूत हजारो लोकांची बसण्याची सोय होती तीत एका बाळंतिणीस निजण्यापुरती जागा नव्हती, हा तिचा दुसरा अर्थ आपण सहसा काढीत नाही. त्यांची अखेरची वर्षे हलाखीत गेली. त्यांच्या निधनानंतर राज्य सरकारने त्यांच्या नावे तमाशा कलावंतांसाठी जीवनगौरव पुरस्कार सुरू केला.

सरकारची दृष्टीही नेहमीच अशी नव्हती. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली होती. पुढे महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार ह्यांच्या अध्यक्षतेखाली तमाशाच्या सुधारणेसाठी समिती नेमली गेली. सुशिक्षित मध्यम वर्गाने, म्हणजे ह्या मासिकाच्या वाचकांच्या आजोबा-पणजोबांनी, त्या बंदीचे बहुधा स्वागतच केले असावे. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी तमाशाचे नाव काढणेही वर्ज्य असे. म्हणजे ज्या कनातीतून सर्वांस प्रवेश होता तिच्या बाहेर आपण मात्र स्वखुशीने उभे राहिलो. वॉटसनच्या दारी आपणांस मिळालेल्या वागणुकीचा राग आपण अजून आळवितो. आपण इतरांच्या दाराकडे कोणत्या नजरेने पाहिले, ह्याचा हिशेब मात्र आपण केलेला नाही.

आता ह्या दोन वास्तूंची अखेर पाहू. १९०३ साली ताजमहाल हॉटेल उघडले आणि वॉटसनच्या हॉटेलाचे तेज फिके पडत गेले. विसाव्या शतकात हॉटेल बंद पडले. खोल्यांच्या लहान लहान खणांत वकिलांच्या कचेऱ्या, दुकाने आणि बिऱ्हाडे आली. काचेच्या छताखालची नृत्यशाला गेली. इमारतीस एस्प्लनेड मॅन्शन हे नाव पडले. सज्जे गंजले, त्यांवर पत्रे आणि फळ्या ठोकल्या गेल्या. २००५ साली सज्जांचा एक भाग कोसळून मनुष्यहानी झाली. त्याच सुमारास जगातील शंभर धोक्यात असलेल्या वास्तूंच्या यादीत ह्या इमारतीचा समावेश झाला. २०१९ साली ती रिकामी करविण्यात आली, आणि ती पाडावी की राखावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला. हॉटेल जाऊन जे राहिले ते तिच्या मूळ स्वरूपास अनुसरूनच राहिले: भिंती कोणत्याही असोत, खांब उभे आहेत.

तंबूचे म्हणाल, तर त्यावरही संकटे थोडी आली नाहीत. सिनेमा आला, घरोघर दूरचित्रवाणी आली, आणि २०२० व २०२१ साली महामारीमुळे यात्राच बंद झाल्या, तेव्हा कित्येक फडांचे सामान जागेवर पडून राहिले आणि कलावंतांनी मोलमजुरी केली. तंबू राखावा म्हणून जागतिक यादी कोणी करीत नाही. कारण तो जुना होत नाही, केवळ फाटतो. फाटला की शिवतात, खांब मोडला की दुसरा लावतात. म्हणून त्याचे रक्षण करावयाचे तर कापडाचे नव्हे, ते ताणणाऱ्या हातांचे करावे लागेल: त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचे, दुखण्याखुपण्याचे आणि म्हातारपणाच्या निवाऱ्याचे.

लोखंडाचा तंबू पाडू नये, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. तो साहेबांचा होता म्हणून त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही, आणि अभिमानाचेही नाही. ज्या दारातून आपणांस प्रवेश नव्हता त्याच दारातून चित्रपट बाहेर पडला आणि आठ दिवसांत आपला झाला. हे दाखविण्यास ते दार जागेवर असले पाहिजे. परंतु त्याच्या दुरुस्तीसाठी जी रक्कम कोणी कधी उभी करील, तिच्याबरोबर नारायणगावच्या म्हाताऱ्या कलावंतांसाठी पक्क्या छपराची चार घरेही उभी राहावीत. दोन हजार वर्षांपूर्वी एका परदेशस्थाने जुन्नरच्या खडकात जेवणघर करून दिले आणि त्याचे नाव अद्याप वाचता येते. आपण तर येथलेच आहोत.